‘वस्तुस्थिती’ नावाचं पान

पॅरिसमधल्या सां-सुल्पिस चर्चच्या फरशीतून पितळेची एक बारीक पट्टी उत्तर-दक्षिण जाते आणि भिंतीलगतच्या उंच दगडी स्तंभावर चढते. ही पट्टी अठराव्या शतकातली. दक्षिणेकडच्या खिडकीतल्या छिद्रातून भर दुपारी आत येणारा कवडसा पट्टीवर कुठे पडतो, यावरून वसंतसंपाताचा दिवस ठरवायचा आणि त्यावरून ईस्टरची तारीख काढायची, यासाठी तिथल्या धर्मगुरूंनी ती बसवून घेतली. काम १७२७ साली सुरू झालं आणि १७४३ साली खगोलशास्त्रज्ञ ल मोन्निए यांच्या हातून पुरं झालं.

२००३ नंतर मात्र पट्टी पाहायला येणाऱ्या पुष्कळांना ईस्टरशी काही देणंघेणं नव्हतं आणि खगोलाशी तर नव्हतंच. त्यांच्या हातात डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ असे. कादंबरीत हीच पट्टी म्हणजे ‘रोझ लाइन’, ग्रीनिचच्या आधीचं जगाचं मूळ रेखावृत्त. चर्च उभं आहे ते एका प्राचीन देवळाच्या जागेवर, आणि सायलस नावाचा खुनी साधू मध्यरात्री येऊन इथलीच फरशी फोडतो. लोक विचारू लागले, गुप्त खूण कुठे आहे? अखेर चर्चने एक फलक लावला. हे कुठल्याही प्राचीन देवळाचे अवशेष नाहीत, या रेषेला ‘रोझ लाइन’ असं कुणी कधी म्हटलेलं नाही, खिडकीवरची ‘पी’ आणि ‘एस’ ही अक्षरं चर्चचे आश्रयदाते संत पीटर आणि संत सुल्पिस यांची आहेत, कुठल्या काल्पनिक गुप्त मंडळाची नाहीत, अशा आशयाचा. पॅरिसचं खरं रेखावृत्त तिथून सुमारे शंभर मीटर अंतरावरून जातं.

आता, कादंबरीत काल्पनिक मजकूर असतो यात नवल कसलं? लेखकाला तो हक्क आहेच. राजाच्या मनात काय चाललं होतं, बंद दाराआड राणी काय बोलली, हे कुठल्याच बखरीत सापडत नाही. ते लेखकालाच रचावं लागतं. ब्राउन यांच्या बाबतीत तक्रार आहे ती कथा सुरू होण्यापूर्वीच्या एका पानाबद्दल. त्या पानावर ‘वस्तुस्थिती’ असा मथळा आहे. त्याखाली तीन गोष्टी सांगितल्या आहेत: ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे आणि तिच्या सभासदांची नावं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७५ साली सापडलेल्या कागदपत्रांत आहेत; ‘ओपस देई’ ही कॅथलिक संस्था खरी आहे; आणि या पुस्तकातली कलाकृती, वास्तू, कागदपत्रं नि गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत. पुस्तक आलं त्या वर्षी अमेरिकन टीव्हीवरच्या मुलाखतीतही ब्राउन यांनी हेच ठणकावून सांगितलं. नायक तेवढा काल्पनिक, बाकीचं सारं इतिहास.

मराठीत याच्या अगदी उलट घडलेलं एक उदाहरण इथे आठवतं. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकर यांची पत्ररूप प्रस्तावना आहे. साधनं काय सांगतात, कुठे गप्प बसतात, याची चिकित्सा कादंबरीच्या दारातच होते. वाचक आत शिरतो तो सावध होऊन. ब्राउन यांचं पान वाचकाला निर्धास्त करून आत सोडतं. सुमारे आठ कोटी प्रती खपलेल्या, चाळीसहून अधिक भाषांत गेलेल्या आणि मराठीतही आलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हे घडलं, म्हणून त्याची उलटतपासणी करणं भाग आहे.

सुरुवात ‘प्रायरी ऑफ सायन’पासूनच करावी, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. येशू आणि मग्दालीया मरीया यांचा विवाह झाला होता, त्यांचा वंश फ्रान्समध्ये टिकला, आणि हे रहस्य लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो यांसारख्या ‘महागुरूं’नी पिढ्यान् पिढ्या जपलं, असा कादंबरीचा दावा. संघटना खरी आहे, एवढं मान्य करायला हवं. फक्त तिची नोंदणी १०९९ साली जेरुसलेममध्ये झालेली नाही. ती झाली १९५६ च्या जूनमध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका फ्रेंच उपजिल्हा कचेरीत. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्यानुसार संस्थेची नोंदणी करता येते. भजनी मंडळापासून क्रीडा मंडळापर्यंत कुणीही करावी तशी या मंडळींनी केली. ‘सायन’ हे नाव जवळच्याच एका डोंगराचं. संस्थेचं ‘सर्किट’ नावाचं नियतकालिक निघे आणि त्यातला विषय असे स्वस्त भाड्याच्या घरांचा. सरचिटणीस होते प्येर प्लांतार.

हे प्लांतार मोठे कल्पक गृहस्थ. आपण फ्रान्सच्या मेरोव्हिंजियन राजघराण्याचे वंशज आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वंशज असल्याचं सिद्ध करायचं तर कागद हवेत. १९६० च्या दशकात ‘गुप्त दस्तऐवज’ अशा नावाचं एक पातळसं बाड राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालं. टंकलिखित पानं, वंशावळी, आणि महागुरूंची यादी. ग्रंथालयात दाखल झालेल्या मजकुराला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला की तो मजकूर ‘ग्रंथालयात उपलब्ध असलेला दस्तऐवज’ होतो. आतलं खरं की खोटं हे तपासणं ग्रंथपालाचं काम नव्हे. प्लांतार यांनी हे बरोबर हेरलं होतं. जुनी वाटणारी आणखी दोन हस्तलिखितं त्यांचे मित्र फिलिप द शेरिझे यांनी रचली.

गोष्टीला गूढ हवं, तर ते दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या खेड्यात आयतं तयार होतं. तिथले धर्मगुरू बेरांजे सोनिएर १८८५ साली गावात आले आणि काही वर्षांत त्यांच्या हाती बराच पैसा खेळू लागला. मग्दालीया मरीयेच्या नावाचं पडकं चर्च त्यांनी सजवलं, बंगला बांधला, मनोरा उभारला. पैसा आला कुठून? बिशपांनी १९१० च्या सुमारास चौकशी लावली आणि उत्तर अगदीच गद्य निघालं. सोनिएर कॅथलिक नियतकालिकांत जाहिराती देत. लोक मृतांच्या नावे मिस्सा म्हणण्यासाठी टपालाने दक्षिणा पाठवत. आणि एका माणसाला आयुष्यभरात म्हणता येणार नाहीत इतक्या मिस्सांचे पैसे त्यांनी घेतले होते. सोनिएर १९१७ साली वारले. पुढे त्यांचा बंगला नोएल कोर्ब्यू नावाच्या माणसाने घेतला, तिथे हॉटेल काढलं आणि गिऱ्हाईक यावं म्हणून ‘फादरांना पुरलेला खजिना सापडला होता’ ही कहाणी १९५६ च्या जानेवारीत स्थानिक वृत्तपत्राला सांगितली. त्याच वर्षी तिकडे प्लांतार संस्था नोंदवत होते. पुढे दोन्ही धागे एकमेकांत गुंफले गेले. कादंबरीच्या सुरुवातीलाच लूव्र संग्रहालयात ज्या अभिरक्षकाचा खून होतो त्याचं आडनाव सोनिएर आहे, ते उगीच नव्हे.

खजिन्याची कहाणी इंग्रजीत गेली ती बीबीसीच्या माहितीपटांतून. त्यांच्या मागे होते हेन्री लिंकन. त्यांनी मायकल बेजंट आणि रिचर्ड ली यांना सोबत घेऊन १९८२ साली ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ हे पुस्तक लिहिलं. येशूच्या वंशाची गोष्ट प्रायरीशी इथे जोडली गेली. प्लांतार यांनी स्वतःला फ्रान्सच्या राजांचा वारस म्हटलं होतं. येशूपर्यंत ते कधी गेले नव्हते आणि ही नवी भर त्यांनी नाकारलीही. एकाने खोटं रचलं, दुसऱ्यांनी ते खरं मानून त्यावर माडी चढवली, आणि तिसऱ्याने माडीसकट घर कादंबरीत आणून दारावर ‘वस्तुस्थिती’ची पाटी लावली.

शेवट आणखी मजेदार आहे. प्लांतार आपल्या महागुरूंच्या यादीत अधूनमधून भर घालत. त्या भरात त्यांनी रोजे-पात्रिस पला यांचं नाव घातलं. हे पला राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचे जुने स्नेही, आणि त्यांच्या आर्थिक व्यवहारांची न्यायालयीन चौकशी सुरू होती. चौकशी करणारे न्यायाधीश तिएरी जाँ-प्येर यांनी यादी पाहून १९९३ साली प्लांतार यांच्या घराची झडती घेतली. आपण हे सगळं रचलं, असं प्लांतार यांनी शपथेवर कबूल केलं. न्यायाधीशांनी समज देऊन सोडून दिलं. प्लांतार २००० साली वारले. ‘वस्तुस्थिती’चं पान छापलं गेलं त्याच्या दहा वर्षं आधी त्यातलं पहिलं विधान न्यायाधीशासमोर कोसळलेलं होतं.

ब्राउन यांची कादंबरी आपल्या पुस्तकावरून बेतली आहे, असा दावा घेऊन बेजंट आणि ली २००६ साली लंडनच्या हायकोर्टात गेले. कादंबरीत या पुस्तकाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि इतिहासकार ली टीबिंग या पात्राचं नावही दोघांच्या आडनावांतून घडवलेलं आहे. पण फिर्यादींची गोची अशी की त्यांनी पुस्तक विकलं होतं इतिहास म्हणून. लेखकाची मालकी त्याच्या मांडणीवर आणि शब्दांवर असते. इतिहासातल्या घटना किंवा ढोबळ कल्पना कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाहीत. ‘हे आम्ही रचलं’ असं म्हणता येत नव्हतं आणि ‘हे खरं घडलं’ म्हटलं तर ते सर्वांचंच होत होतं. एप्रिलमध्ये न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी दावा फेटाळला. निकालपत्रात त्यांनी काही अक्षरं तिरप्या टायपात घालून स्वतःचाही एक सांकेतिक संदेश दडवला होता! न्यायमूर्तींनाही मोह आवरला नाही.

टीबिंगच्या दिवाणखान्यातलं लांबलचक प्रवचन हा कादंबरीचा गाभा. त्यात तो सांगतो की येशूला अनुयायी माणूसच मानत होते; ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेयाच्या परिषदेत मतदान घेऊन त्याला देव ठरवलं, तेही जेमतेम बहुमताने; आणि मग गैरसोयीची शुभवर्तमानं जाळून नवं बायबल तयार करवलं.

परिषद खरी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान बिशप जमले होते. वाद होता आरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताबद्दल: पुत्र हा पित्यासारखाच अनादी आहे, की पित्याने सर्वांच्या आधी निर्माण केलेला? येशू नुसता माणूस होता, असं त्या सभेत कुणीच म्हणत नव्हतं, खुद्द आरियसही नाही. आणि निकाल जेमतेम नव्हता. शेवटच्या मसुद्यावर सही करायला फक्त दोन बिशपांनी नकार दिला. परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, इसवी सन ११२ च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून कळवलं होतं की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी तेव्हा बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता. निकेया त्याच प्रांतातलं गाव.

बायबलचंही तसंच. कॉन्स्टंटाइनने बायबलच्या ५० प्रती करवून घेतल्या, हे खरं. पण त्यात कुठली पुस्तकं असावीत, हा निर्णय निकेयात झालाच नाही. चार शुभवर्तमानं मान्य, बाकीची नाहीत, असं लिऑनचे बिशप इरेनियस यांनी १८० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे कॉन्स्टंटाइन मरून तीस वर्षं झाल्यावर. या सम्राटाने बाप्तिस्मा मरणाच्या दारात असताना घेतला, हा तपशील टीबिंग बरोबर सांगतो. अशा कादंबऱ्यांची हीच हातोटी असते. तारीख, गाव, माणूस खरा. घडलं काय, ते मात्र वेगळंच. पडताळायला गेलेल्या वाचकाला विश्वकोशात तारीख आणि गाव सापडतं, आणि तो उरलेलंही खरं धरून पुस्तकाकडे परततो.

नाकारलेली शुभवर्तमानं होती, यातही शंका नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ खत म्हणून माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक बंद रांजण सापडला. आत कातडी बांधणीच्या पपायरसच्या १३ वह्या, आणि त्यांत पन्नासेक ग्रंथ. थॉमसचं शुभवर्तमान त्यांतलंच, फिलिपचंही. कादंबरी या ग्रंथांचा आणि मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांचा एका दमात उल्लेख करते. मृत समुद्राच्या गुंडाळ्या यहुदी आहेत. त्यांत एकही शुभवर्तमान नाही. त्या १९४७ पासून सापडू लागल्या, कादंबरी म्हणते तशा पन्नासच्या दशकात नव्हे.

नाग हम्मादीच्या ग्रंथांत येशूचं मानवी रूप आहे आणि म्हणून चर्चने ते दडपले, असं टीबिंगचं म्हणणं. ज्याने हे ग्रंथ उघडून पाहिले आहेत त्याला इथे हसू येईल. त्यांतला येशू चार मान्य शुभवर्तमानांतल्या येशूपेक्षा कितीतरी अधिक अलौकिक आहे. देहाला तुच्छ लेखणारा, गूढ ज्ञान देणारा, कधी कधी तर देहाचा केवळ आभास असणारा. दमणारा, रडणारा, मासे भाजून खायला देणारा येशू शोधायचा तर तो चर्चने मान्य केलेल्या पुस्तकांतच सापडतो.

मग विवाहाचा पुरावा? तो फिलिपच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्यावर टेकलेला आहे. येशू मरीयेचं चुंबन घेत असे, असं तिथे म्हटलं आहे. कुठे घेत असे, ते सांगणाऱ्या जागी पपायरसला भोक पडलं आहे! किडा म्हणा की काळ म्हणा, नेमका तोच शब्द गेला. अभ्यासक तिथे ‘मुख’ असावं असा अंदाज करतात. पण त्याच ग्रंथात चुंबन हे आत्मिक ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचं प्रतीक म्हणून येतं. कादंबरीत हे वाक्य सलग येतं. भोकाचा पत्ता नाही.

हा मोह फक्त कादंबरीकारांना होतो असं समजू नये. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी रोममधल्या परिषदेत पपायरसचा एक तुकडा जाहीर केला. आकार व्हिजिटिंग कार्डाएवढा. त्यात येशू ‘माझी पत्नी’ असं म्हणतो. जगभर बातम्या झळकल्या. मजकूर पाहिलेल्या काही अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्यातली बरीच वाक्यं थॉमसच्या शुभवर्तमानातून उचलून जुळवली आहेत. आणि इंटरनेटवर ठेवलेल्या त्या ग्रंथाच्या एका प्रतीत टंकलेखनाची जी चूक होती, तीसुद्धा तुकड्यात उतरली होती. कागद जुना, शाईच्या चाचण्यांतही ठळक दोष नाही, म्हणून वाद चालूच राहिला. तो मिटला २०१६ साली, एरियल सबर या पत्रकाराने तुकडा कुणाच्या हातून आला याचा माग काढला तेव्हा. मालकाने दाखवलेली कागदपत्रं संशयास्पद निघाली, आणि तुकडा बहुधा बनावट आहे असं किंग यांनी स्वतः मान्य केलं. इथे कामी आला तो एक साधा प्रश्न: हा कागद आधी कुणाकडे होता?

मग्दालीया मरीयेच्या बाबतीत मात्र कादंबरीच्या आरोपात तथ्य आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. बायबलमध्ये ती कुठेही वेश्या नाही. येशूने तिला सात भुतांपासून मुक्त केलं, ती क्रुसाजवळ उभी होती आणि पुनरुत्थित येशू तिला आधी दिसला, एवढंच तिथे आहे. ५९१ साली पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानातली निनावी पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि ही मरीया, तिघींना एकच करून टाकलं. तेव्हापासून पाश्चात्त्य चित्रांत ती केस मोकळे सोडलेली पश्चात्तापदग्ध पापिणी झाली. पूर्वेकडच्या चर्चने ही गल्लत कधी केली नाही. रोमने आपल्या पंचांगात दुरुस्ती केली ती १९६९ साली, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. म्हणजे चौदाशे वर्षं एका बाईची बदनामी झाली, हे खरं. त्यामागे तिचं लग्न लपवण्याचा कट होता, याला पुरावा नाही. ग्रेगरींना पश्चात्तापावर बोलायचं होतं आणि दाखल्यासाठी एक स्त्री हवी होती. कट-कारस्थानापेक्षा हे अधिक खिन्न करणारं आहे, पण त्यावर थरारकथा लिहिता येत नाही.

लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’त येशूच्या उजव्या हाताला बसलेली व्यक्ती मरीया आहे, असं टीबिंग सांगतो. मिलानच्या मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवरचं हे चित्र १४९० च्या दशकातलं. फ्लॉरेन्समधल्या त्याआधीच्या चित्रांत, कास्तान्योच्या १४४७ च्या आणि गिरलांदायोच्या १४८० च्या, येशूचा तरुण शिष्य योहान असाच दाढीविना, कोवळ्या चेहऱ्याचा आहे. ती रूढीच होती. शिवाय टेबलाशी येशू धरून तेरा माणसं आहेत. त्यांतली एक मरीया असेल तर योहान जेवायला आलाच नाही की काय?

आकड्यांत तर कादंबरी फारच उदार. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडमध्ये ६६६ तावदानं आहेत म्हणे. प्रत्यक्षात आहेत ६७३. चर्चने ५० लाख स्त्रियांना चेटकिणी म्हणून जाळलं, हा दावा अधिक गंभीर. चेटुकाच्या खटल्यांचा आज होणारा हिशेब ४० ते ५० हजार बळींचा आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, पण पुरुषही. आणि पुष्कळ शिक्षा चर्चच्या नव्हे तर स्थानिक बिगरधार्मिक न्यायालयांनी दिलेल्या. पन्नास हजार हा आकडा पुरेसा भीषण नाही का? तो शंभरपट फुगवला की खऱ्या बळींचाच हिशेब संशयास्पद होऊन बसतो.

मध्ययुगातल्या टेम्पलर या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांचा शेवटही असाच वळवला आहे. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी, शुक्रवारी, त्यांची धरपकड झाली हे खरं. ती केली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने, ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं आणि टेम्पलरांकडे संपत्ती. कादंबरीत सूत्रधार होतात पोप पाचवे क्लेमेंट, आणि जाळलेल्या सरदारांची राख रोमच्या टायबर नदीत टाकली जाते. क्लेमेंट पोप झाल्यावर रोमला गेलेच नाहीत. ते आजच्या फ्रान्समध्येच राहिले. टेम्पलरांचे प्रमुख जाक द मोले यांना १३१४ साली जाळलं ते पॅरिसमध्ये, सेन नदीतल्या बेटावर. नदीच बदलली, मग बाकीच्याचं काय घेऊन बसायचं!

खुनी सायलस ज्या ओपस देईचा दाखवला आहे तिच्याबद्दल एवढंच पुरे की १९२८ साली स्पेनमध्ये निघालेल्या या संस्थेचे बहुतेक सभासद संसारी लोक आहेत. तिच्यात साधू नसतात, खुनी तर सोडाच. काही सभासद देहदंडाचे प्रकार पाळतात हे मात्र संस्थेनेही नाकारलेलं नाही.

२००६ साली चित्रपट आला तेव्हा हा वाद भारतातही पोचला. मुंबईत काही ख्रिस्ती संघटनांनी निदर्शनं आणि उपोषणं केली. सेन्सॉर बोर्डाने फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं आणि हे सारं काल्पनिक आहे अशी सूचना दाखवायची अट घातली. तरीही गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. बंदीने काय साधलं, हे सांगणं कठीण. पुस्तक दुकानांत मिळतच होतं. पण सेन्सॉर बोर्डाची ती सूचना एका अर्थाने नेमकी होती. जे पान कादंबरीच्या आरंभी हवं होतं, ते पडद्यावर भारत सरकारने लावलं.

आपल्याकडे याच जातीची एक देशी कहाणीही फिरते: येशू भारतात आला होता, आणि श्रीनगरच्या रोझाबल दर्ग्यात त्याची कबर आहे. पहिला भाग रशियन प्रवासी निकोलाय नोतोविच याने १८९४ साली पुस्तकातून मांडला. लडाखच्या हेमिस मठात पाय मोडून पडलो असताना तिथल्या लामांनी ‘ईसा’चं चरित्र वाचून दाखवलं, असं तो म्हणे. माक्स म्यूलर यांनी त्याच वर्षी शंका घेतली. १८९५ साली आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले अध्यापक आर्चिबाल्ड डग्लस प्रत्यक्ष हेमिसला जाऊन प्रमुख लामांना भेटले. पाय मोडलेला असा कुणी पाहुणा आला नव्हता आणि असला ग्रंथही मठात नाही, असं उत्तर मिळालं. कबरीचा दावा कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. हे सगळं जमवून मुंबईच्या अश्विन सांघी यांनी ‘द रोझाबल लाइन’ ही कादंबरी लिहिली. २००७ साली ती आधी टोपणनावाने आली, आणि ते टोपणनाव त्यांच्याच नावातली अक्षरं फिरवून केलेलं होतं. ब्राउन यांची छाप इतक्या दूरवर पोचली होती.

इटालियन कादंबरीकार उंबेर्तो एको यांनी १९८८ सालच्या ‘फूकोज पेंड्युलम’मध्ये टेम्पलर, महागुरू, गुप्त दस्तऐवज अशा सगळ्या खेळाची आधीच थट्टा करून ठेवली होती. त्यात प्रकाशनसंस्थेतले तीन मित्र गंमत म्हणून एक जागतिक कट रचतात आणि लोक तो खरा मानू लागतात. डॅन ब्राउन हे माझ्याच कादंबरीतलं एक पात्र आहे, असं एको पुढे गमतीने म्हणत.

‘दा विंची कोड’ वाचू नये, असं कुणी म्हणणार नाही. एका रात्रीत संपवावी अशी ती आहे. फक्त ‘वस्तुस्थिती’चं पान उलटून थेट लूव्रमधल्या खुनापाशी जावं. आणि धर्माच्या इतिहासाची खरीच ओढ लागली, तर नाग हम्मादीचे सगळे ग्रंथ इंग्रजी अनुवादात एकाच खंडात मिळतात. फिलिपचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून होतं. भोक पडलेल्या जागी संपादक चौकटी कंस घालतात. ते कंस पाहून घ्यावेत आणि मग टीबिंगचं प्रवचन पुन्हा उघडावं.